बोद्रुमचं पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय: अर्धा दिवस पुरेल का?

वाटसरू_७ (धागा सुरू करणारे)

सप्टेंबरअखेर तुर्कस्तानात आहोत. त्यातला एक दिवस बोद्रुमला, म्हणजे जुन्या हॅलिकार्नाससला ठेवलाय. समुद्रकाठच्या किल्ल्यात बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे, ते मुख्य आकर्षण. सोबत आई (वय ७२, गुडघ्यांचा त्रास) आणि ११ वर्षांचा मुलगा.

१. किल्ला आणि संग्रहालय मिळून किती वेळ धरावा? दालनं कोणत्या क्रमाने घ्यावीत?
२. जगातल्या सात आश्चर्यांपैकी मॉसोलसची कबर याच गावात. ती वेगळी बघण्यासारखी आहे का?
३. समोरच ग्रीसचं कोस बेट दिसतं. सकाळी बोटीने जाऊन संध्याकाळी परत, असं जमेल का? आमच्याकडे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) आहे, त्यावर तुर्कीचा ई-व्हिसा काढलाय.

शिक्का_शाई

तिसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण यात लोक हमखास अडकतात.

भारतीय पासपोर्टवर मिळणारा तुर्कीचा ई-व्हिसा एकदाच प्रवेश देतो, मुक्काम ३० दिवसांपर्यंत. कोसला गेलात की तुर्कीतून बाहेर पडल्याचा शिक्का बसला, व्हिसा संपला. संध्याकाळी बोद्रुमच्या धक्क्यावर उतरताना दुसरा ई-व्हिसा हातात हवा. तो आधीच काढून ठेवायचा आणि त्याची सुरुवातीची तारीख नीट टाकायची. शेंगेनचंही तेच. तो एकाच प्रवेशाचा असेल आणि पुढे ग्रीस किंवा इटलीला जायचं असेल, तर कोसच्या एका दिवसात तो वापरून संपेल.

आणखी एक. ई-व्हिसासाठी आधार म्हणून जो शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा व्हिसा दाखवता, तो पासपोर्टवर चिकटवलेला लागतो. इलेक्ट्रॉनिक व्हिसा आधार म्हणून धरत नाहीत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तसंच दिसणारी दलालांची पानं जास्त पैसे घेतात आणि तारखांचा घोळ झाला तर हात वर करतात.

तिकिटाबद्दल: परदेशी पाहुण्यांचे दर युरोत ठरतात आणि मोसमागणिक बदलतात, म्हणून जुन्या प्रवासवर्णनातल्या लिरांवर हिशेब मांडू नका. 'म्युझेकार्ट' म्हणून जे स्वस्त कार्ड ऐकाल ते तुर्की नागरिकांसाठी असतं. तुमच्यासाठी वेगळा म्युझियम पास असतो. तो ठरावीक दिवस चालतो आणि एका ठिकाणी एकदाच आत सोडतो. दुपारी जेवायला बाहेर पडून त्याच पासवर परत आत, असं होत नाही. इफेससचे प्राचीन अवशेषही बघणार असाल तर पास परवडण्याची शक्यता बरीच. नुसतं बोद्रुम असेल तर सुटं तिकीट घ्या.

मिलास-बोद्रुम विमानतळ गावापासून साधारण ३६ किलोमीटर. विमानांच्या वेळेला जोडून बस सुटतात. गावात फिरायला दोल्मुश, म्हणजे आपलं वडाप. गाडी भरली की निघते, वाटेत हात केला की थांबते. चालकाला फक्त 'काले' म्हणा. तुर्कीत काले म्हणजे किल्ला.

गलबतवाला

अर्धा दिवस म्हणजे तीन तास धरले असतील तर कमी पडतील. किल्ल्यासकट साडेचार तास ठेवा. दार उघडतानाच आत शिरा, कारण मोठी क्रूझ धक्क्याला लागली की साडेदहाच्या सुमारास झुंडी येतात आणि छोट्या अंधाऱ्या दालनांत काचेपर्यंत पोचता येत नाही.

क्रम माझ्या मते असा. पहिलं उलुबुरुन दालन, म्हणजे सगळ्यात जुन्या जहाजाचा माल, डोकं ताजं असताना. मग सेर्चे लिमानीचं काच वाहणारं जहाज. मग कॅरियाची राजकन्या, म्हणजे इथल्या प्राचीन राज्यातल्या एका बाईचा सांगाडा आणि सोन्याचा मुकुट. मातीचे रांजण, म्हणजे अँफोरा, जाता-येता दिसतच राहतात. बुरुज आणि तटावरचं चालणं शेवटी, वारा असेल तर. बहुतेक जण उलट करतात. आधी बुरुजांवर फोटो, उन्हात घाम, आणि उलुबुरुनला पोचेपर्यंत पाय गळालेले.

रांजणांपाशी मुलाला एक काम द्या. तळ टोकदार का, हे विचारा. 'जमिनीत रोवायला' असं उत्तर येतं, ते अर्धंच. जहाजात खालच्या थरातल्या रांजणांच्या खांद्यांमध्ये वरच्या थराची टोकं बसतात आणि लाटेत माल हलत नाही. शिवाय ओतताना दोन कानांबरोबर ते टोक तिसरी मूठ होतं. आतून काळपट थर दिसला तर तो राळेचा. मातीचं भांडं झिरपतं, म्हणून वाइनसाठी आतून राळ फासत. ऱ्होड्स बेटाच्या रांजणांच्या कानांवर शिक्के असतात. त्यात त्या वर्षीच्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याचं नाव आणि महिनाही सापडतो. एक फुटका कान मिळाला तरी बुडालेल्या जहाजाचं वय काही वर्षांच्या फरकाने सांगता येतं, ते यामुळे.

मॉसोलसच्या कबरीवर वेळ घालवू नका. एक खड्डा आणि इकडेतिकडे पडलेले खांबांचे तुकडे, एवढंच उरलंय.

तांबट_आळी

उलुबुरुनमध्ये लोक थेट सोन्याकडे धावतात. तिथे इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेला सोन्याचा भुंगा आहे, बोटाच्या पेराएवढा. बघा जरूर, पण आधी तांब्याच्या लादीसमोर उभे राहा.

हे जहाज इ.स.पू. १४ व्या शतकाच्या अखेरीस काश गावाजवळच्या उलुबुरुन भूशिरापाशी बुडालं. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने 'कान असलेली धातूची बिस्किटं' दिसल्याचं सांगितलं आणि शोध लागला. ती बिस्किटं म्हणजे या लाद्या. चार कोपरे बाहेर ओढलेले, ताणून वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्यासारखा आकार. एकेक साधारण २४ किलोची, म्हणजे अर्ध्या मणाहून जास्त. कोपरे उचलायला आणि जनावराच्या पाठीवर बांधायला सोयीचे. अशा ३५४ लाद्या निघाल्या. लहान गोल गोळे वेगळे. सगळं तांबं मिळून सुमारे १० टन, सायप्रसचं.

आता शेजारचं कथील बघा. आपल्याकडे कल्हईला लागतं तेच. ते सुमारे १ टन. दहाला एक हे प्रमाण म्हणजे सरळ कांसं ओतायचं माप. एकाच जहाजात ११ टन कांस्याचा कच्चा माल जात होता. कथिलाची अवस्था मात्र वाईट. समुद्रात ते गंजून ओल्या चुन्यासारखं मऊ झालं होतं, उचलताना हातात फुटायचं. म्हणून दालनात तांबं भरपूर आणि कथील थोडं दिसतं.

या काही वस्तू चुकवू नका:

निळ्या काचेच्या जाड चकत्या, ओबडधोबड केकसारख्या. अशा सुमारे १७५ निघाल्या. रंग कोबाल्टचा. कारागिराने त्या वितळवून मणी आणि भांडी करायची.

काळ्या लाकडाचे ओंडके. इजिप्तमध्ये याला एबनी म्हणत, पण आजच्या अर्थाने हे एबनी नव्हे. हे आफ्रिकेतलं डाल्बर्जिया कुळातलं झाड, आपल्या शिसवीचं भावंड.

लाकडी घडीची पाटी. याच्यासाठी वाकून उभे राहा, कारण ती तळहातात मावेल एवढीच आहे आणि माणसं पुढे निघून जातात. दोन फळ्या, मध्ये हस्तिदंती बिजागरी. आतला भाग खोलगट आणि त्यावर तिरप्या रेघांची जाळी ओरखडलेली. या रेघा म्हणजे लिखाण नव्हे. मेण धरून राहावं म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलाय. लिहायचं मेणावर, आणि मेण केव्हाच गेलं. ही पाटी डाळिंबं भरलेल्या एका मोठ्या रांजणात सापडली.

वजनं. काही साधी दगडी, काही जनावरांच्या आकाराची. ती एकाच मापाची नाहीत. बहुतेक ९.३ ग्रॅमच्या आसपासच्या एककाच्या पटीत बसतात, काही दुसऱ्या पद्धतीची. व्यापारी दोन-तीन बंदरांची मापं सोबत बाळगत होता, म्हणून.

वाटसरू_७

शिक्का_शाई, कोस रद्द! दुसरा ई-व्हिसा काढण्यापेक्षा तो दिवस इथेच घालवू.

तांबट_आळी, एक शंका. लाकूड, डाळिंबं, धणे असलं काही ३३०० वर्षं समुद्रात टिकतं कसं? आणि काही लोखंडी वस्तू प्लास्टिकसारख्या का दिसतात? इंटरनेटवरचे फोटो बघून मुलाने विचारलंय.

ओलं_लाकूड

मुलाची नजर तयार आहे. त्या वस्तू खरंच कृत्रिम राळेच्या, म्हणजे एपॉक्सीच्या असतात.

लोखंड समुद्रात गंजताना भोवतीची वाळू, शिंपले, चुना धरून ठेवतं आणि त्यावर दगडासारखं कवच चढतं. काही शतकांत आतलं लोखंड पूर्ण विरघळून जातं. मागे पोकळी राहते, पण ती मूळ कुऱ्हाडीच्या किंवा खिळ्याच्या नेमक्या आकाराची. संवर्धक कवचाचा एक्स-रे काढतात, भोक पाडून आतला गंज धुऊन काढतात, पोकळीत एपॉक्सी ओततात आणि मग बाहेरचं कवच फोडतात. म्हणजे समुद्रानेच साचा तयार करून ठेवलेला असतो, पितळी मूर्ती ओतताना करतात तसा. सातव्या शतकात यास्सीआदा बेटापाशी बुडालेल्या जहाजातली लोखंडी अवजारं याच तत्त्वाने परत मिळाली, तेव्हा साच्यात रबरासारखा पदार्थ भरला होता.

लाकडाचं असं. उघडं राहिलेलं लाकूड समुद्रकिडा खाऊन टाकतो. मालाखाली किंवा गाळात दाबलं गेलेलं उरतं, कारण तिथे प्राणवायू पोचत नाही. म्हणून सापडलाच तर जहाजाचा तळ सापडतो, डेक जवळपास कधीच नाही. पण उरलेलं लाकूडही दिसायलाच लाकूड. पेशींच्या भिंती खंगलेल्या आणि आत पाणी भरलेलं. तसंच उन्हात ठेवलं तर पाणी उडतं, भिंती कोसळतात, फळी वेडीवाकडी होऊन निम्म्यावर येते. म्हणून आधी मीठ जाईपर्यंत गोड्या पाण्यात, आणि मग पॉलिइथिलीन ग्लायकोल नावाच्या मेणासारख्या पदार्थाच्या द्रावणात. द्रावण टप्प्याटप्प्याने घट्ट करत नेतात आणि पाण्याची जागा ते मेण घेतं. घाई करून एकदम घट्ट द्रावणात टाकलं तर बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि फळी चिरते. जहाजाच्या लाकडाला यात वर्षं लागतात. सेर्चे लिमानीच्या फळ्या तेलकट, काळसर दिसतात त्या यामुळेच. तिथे दालन थंड आणि हवेची आर्द्रता नियंत्रित असते. दार उघडं धरून गप्पा मारू नका एवढंच.

मडक्यांचा शत्रू मीठ. समुद्रातून काढून नुसतं वाळवलं तर छिद्रांतल्या मिठाचे स्फटिक फुगतात आणि पापुद्रे सुटतात. जुन्या भिंतीला लोणा लागतो ना, तेच. गोडं पाणी बदलत राहायचं आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची. आकडा खाली येऊन स्थिरावला की वाळवायचं. कांस्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो रोग, आत राहिलेल्या क्लोराइडमुळे पुन्हा सुरू झालेला. गडद, चिकटून बसलेला हिरवा थर मात्र निरोगी.

सेर्चे लिमानी हे जहाज साधारण इ.स. १०२५ मध्ये बुडालं. त्यात ३ टन काच होती, बरीचशी भंगार: कारखान्यातले तुकडे आणि फुटकी भांडी. भंगार कशाला न्यायचं? काचेच्या कच्च्या मालात भंगार मिसळलं की मिश्रण कमी आचेवर वितळतं, सरपण वाचतं. शिवाय जहाजाला तळाशी वजन मिळतं ते वेगळंच. पुढे संशोधकांनी लाखो तुकडे रंग आणि आकारानुसार लावून शेकडो भांडी जुळवली. ती भांडी मागून उजेड सोडून मांडली आहेत. तिथे फ्लॅश वापरला तर फोटोत फक्त समोरची काच चमकते. मोबाइल समोरच्या काचेला जवळजवळ टेकवा आणि उजेडाचा आकडा खाली ओढा.

गलबतवाला

यात एक भर. तीनही जहाजांच्या बांधणीत काळाचा बदल दिसतो, तो बघा. उलुबुरुनमध्ये फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्यात लाकडी जिभा बसवल्या आहेत आणि वरून खुंट्या ठोकल्या आहेत. म्हणजे आधी फळ्यांचं कवच उभं राहिलं. यास्सीआदाच्या जहाजात खालचा भाग तसाच जिभांचा, पण वरचा भाग फासळ्यांवर फळ्या ठोकून केलेला. सेर्चे लिमानीत आधी कणा आणि फासळ्या, मग फळ्या. या पद्धतीला लाकूड आणि कारागिराचे तास, दोन्ही कमी लागतात. आपल्या किनाऱ्यावर त्या काळी फळ्या काथ्याने शिवत असत, ती तिसरीच तऱ्हा.

दगडफूल

गलबतवाल्यांशी एका बाबतीत असहमत. कबरीचा खड्डा बघाच, पण किल्ल्यानंतर. आधी बघितलात तर खरंच काही कळणार नाही.

कारण ती कबर किल्ल्यात आहे. शब्दशः. कॅरियाचा राजा मॉसोलस इ.स.पू. ३५३ मध्ये वारला. त्याची बहीण आणि राणी आर्टेमिसिया हिने ही इमारत पुढे नेली: ३६ खांब, त्यावर २४ पायऱ्यांचा पिरॅमिड, माथ्यावर चार घोड्यांचा रथ, उंची सुमारे ४५ मीटर. त्याच्याच नावावरून युरोपीय भाषांत मकबऱ्याला 'मॉसोलियम' म्हणू लागले. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला इंग्रजीत जो शब्द लावतात, त्याचा मूळ मालक हा. भूकंपांनी इमारत कोसळली. १५ व्या शतकाच्या सुरुवातीला सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, हा किल्ला बांधायला घेतला, आणि पुढे तोफांना तोंड देण्यासाठी तट जाड करताना कबरीचे दगड खाणीसारखे काढून वापरले. संगमरवर भाजून चुना केला तो वेगळा. १५२३ मध्ये किल्ला ऑटोमनांच्या हाती गेला.

तटातले दगड ओळखायचे कसे? किल्ल्याचा बराचसा दगड करडा किंवा पिवळट, आकार वेडेवाकडे. मध्येच हिरवट छटेचे, नीट चौकोनी घडवलेले ज्वालामुखीजन्य दगड दिसतात. ते कबरीच्या गाभ्यातले. दुपारच्या भगभगीत उन्हात रंग कळत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, किंवा दगडावर थोडं पाणी शिंपडून बघा.

मूळ शिल्पं मात्र शोधू नका. तटात बसवलेले कोरीव पट्ट १८४६ मध्ये ब्रिटिश राजदूताने काढून नेले आणि १८५६ पासून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने जागेवर खोदून उरलेलं नेलं. सगळं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गावातल्या जागेवर खडकात कोरलेला पायाचा खड्डा आहे, साधारण ३८ बाय ३२ मीटर, आणि थोडे प्लास्टरचे ठसे. किल्ल्यापासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. त्याचं तिकीट वेगळं. अर्धा तास पुरे.

कॅरियाच्या राजकन्येबद्दल एक सावधगिरी. १९८९ मध्ये इमारतीच्या पायासाठी खोदताना न लुटलेली दगडी शवपेटी मिळाली. आत चाळिशीतल्या बाईचा सांगाडा आणि सोन्याचा मुकुट, मर्टलच्या पानाफुलांचा. कवटीवरून चेहरा मँचेस्टरमध्ये घडवला. ही अलेक्झांडरला मदत करणारी राणी अदाच, असं गाइड छातीठोक सांगतात. पेटीत नाव कुठेच नाही. चेहऱ्याची घडण अभ्यासाची, नाव अंदाजाचं.

वाटसरू_७

सगळं टिपून घेतलं. शेवटचं विचारतो: आईला कितपत झेपेल?

गलबतवाला

किल्ला आहे, लिफ्टची अपेक्षा नको. दारापासूनच चढ, तोही गोट्यांच्या आणि झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांचा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे बोलतात. रबरी तळाचे बूट, एक काठी, पाण्याची बाटली. काठी दुमडणारी असली तर बरं, अरुंद जिन्यात दोन्ही हात मोकळे लागतात.

मधल्या अंगणात झाडांची सावली आणि बसायला जागा आहे, मोरही फिरत असतात. आईंना उलुबुरुन आणि काच ही दोन दालनं दाखवा, मग तिथे बसवा, आणि तुम्ही दोघं बुरुज करून या. इंग्रजांचा, फ्रेंचांचा, इटालियनांचा, जर्मनांचा असे वेगवेगळे बुरुज आहेत. सगळे चढायची गरज नाही. ज्या देशाच्या सरदारांनी जो बांधला त्यावर त्यांची दगडी चिन्हं आहेत, ती मुलाला मोजायला लावा.

दगडफूल

कबरीच्या जागेपर्यंत आईंना टॅक्सीने न्या. ती जागा बऱ्यापैकी सपाट आहे, पण खड्ड्यात उतरायच्या पायऱ्या त्यांनी टाळाव्यात. काठावरून सगळं दिसतं. आणि तिथून वर डोंगरउतारावरचं जुनं नाट्यगृह दिसेल. वेळ उरला तर तुम्ही दोघंच जा. वरच्या पायरीवर बसलं की खाली बंदर आणि किल्ला दोन्ही एका नजरेत येतात, आणि कबरीचा दगड कुठून कुठे गेला हे मुलाला बोटाने दाखवता येतं.